आत कुणी आहे का?

काही जमलं म्हणून सरांनी मला पेढा दिला, असं एकदाही झालं नाही. पेढा मिळायचा तो अडलं तरच. म्हणजे मी मुद्दाम एक चुकीचा प्रोग्राम लिहायचा, तो कंपायलरपुढे, म्हणजे लिहिलेलं तपासून मगच मशीनला देणाऱ्या प्रोग्रामपुढे, ठेवायचा, कंपायलरनं तो लाल अक्षरांत साफ नाकारायचा, की सर खुर्चीतून उठून एकच टाळी वाजवणार, जिना उतरून खालच्या दुकानात जाणार, अक्कांच्या बरणीतला एक पेढा उचलून वर आणणार आणि माझ्या हातावर ठेवणार. बरोबर लिहिलेला प्रोग्राम सुरळीत चालला तर ते मान वर करूनसुद्धा बघत नसत.

"बराबर तर कुणीबी लिहितं," ते म्हणायचे. "चुकीचं लिहून दाखव. ते अडलं पाह्यजे."

मागोमाग खालून अक्कांचा आवाज यायचा, "तुझ्या लाल अक्षरापायी माझी बरणी रिकामी होऊन राहिली रे!"

अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. औंढा नागनाथला देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं नारळ, बेल आणि पेढ्यांचं दुकान आहे. दुकानावर यात्रेकरूंना उतरायला चार खोल्या, आणि त्याही वर गच्चीत पत्र्याची एक खोली. त्या खोलीत सर. यजमान गेल्यावर अक्कांना हा पसारा एकटीनं झेपेना, म्हणून सर मोठ्या शहरातली कंप्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीची नोकरी सोडून परत आले आणि पुन्हा गेले नाहीत. लग्नाचं कुणी काढलं तर "राहून गेलं" एवढंच सांगायचे, जसं काही बाजारातून मीठ आणायचं राहून गेलं.

गावाला त्यांची ओळख एवढीच की अक्काचा भाऊ दिवसभर कंप्युटरपुढं बसून असतो. बिचाऱ्याला काम नाही, असाच सगळ्यांचा समज होता. सरांनीही तो कधी खोडला नाही. एकदा परदेशातल्या एका मोठ्या माणसानं ईमेलमध्ये विचारलं, की आपण कोणत्या संस्थेत असता? सरांनी उत्तर दिलं, यात्रेकरूंच्या खोल्या सांभाळतो. त्या माणसाला तो विनोद वाटला. विनोद कसला, सकाळीच दोन नंबरच्या खोलीतला नळ दुरुस्त करून सर वर आले होते.

आता आम्ही काय करायचो ते सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. कंप्युटरच्या सगळ्यात आतला जो प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला काम करायला मेमरीतली जागा लागते. ती कुणाला द्यायची, कधी परत घ्यायची, परत घेऊन दुसऱ्याला कधी द्यायची, हा कारभार कर्नल बघतो. कार्डाचं काम चालू असतानाच त्याची जागा दुसऱ्याला दिली, तर एकाच्या चित्रावर दुसऱ्याचं चित्र चढतं, नाहीतर अख्खं मशीनच आडवं होतं. हा सगळा कारभार वर्षानुवर्षं सी नावाच्या भाषेत लिहिलेला. सी भोळी भाषा आहे. काय करू नका ते कोडच्या वर माणसांसाठी लिहिलेल्या टिपेत असतं, पण केलंत तर ती अडवत नाही. रस्ट ही नवी भाषा अडवते. म्हणून जुन्या सी कोडवर रस्टचं आवरण चढवायचं, असं की ते वापरणाऱ्यानं ठरवूनही त्याच्या हातून चूक होऊ नये. हे आवरण लिहिणं माझं काम, आणि ते तपासून होकार देणं सरांचं.

गोम एवढीच, की आवरण आतल्या बाजूनं सीला जिथं चिकटतं, तिथं रस्टलाही काही दिसत नाही. तिथं आपण 'अनसेफ' असं लिहितो, म्हणजे कंपायलरला सांगतो, की बाबा रे, एवढ्यापुरते डोळे मीट, इथली हमी माझी. आणि ती हमी कशाच्या जोरावर देतो आहोत ते वर टिपेत लिहावं लागतं. बाकीचे तपासणारे कोड वाचायचे. सर कोड नंतर वाचायचे, आधी टीप. उदबत्तीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला त्यांनी एका ओळीएवढी फट कापली होती. तो पुठ्ठा पडद्यावर धरून ते एक-एक ओळ वाचत खाली सरकायचे. पुढची ओळ दिसली की माणूस मागची समजली असं धरून चालतो, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ह्यांना चाळिशी लागलीय आणि कबूल करायची लाज वाटतेय.

त्यांची माझी ओळख भांडणातून झाली. मी हिंगोलीची. बुद्धविहाराजवळ आमचं घर, बाबा एसटी डेपोत मेकॅनिक. इंजिनिअरिंग झाल्यावर सगळ्या मैत्रिणी पुण्याला गेल्या, मी हट्टानं घरीच बसले आणि घरून मिळणारं काम शोधत राहिले. एका बाहेरदेशीच्या कंपनीनं ह्या आवरणांचं काम करारावर दिलं. मी पहिला तुकडा लिहून सगळ्यांना ईमेलवर पाठवला आणि आता कौतुक येईल म्हणून वाट बघत बसले. आली एक ओळ, 'असं कोण म्हणतं?' माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी लांबलचक उत्तर पाठवलं. त्यावर दुसऱ्या दिवशी फक्त मला एक ईमेल, चक्क मराठीत. 'सहीखाली हिंगोली लिहिलंय. औंढ्याला ये. बोलून दाखव.'

गेले. त्या पत्र्याच्या खोलीत मला स्टुलावर बसवून सर म्हणाले, "तुझ्या दोन टिपा हायेत. मराठीत सांग."

"सर, त्या इंग्रजीत लिहिल्यात. इंग्रजीत बरोबर आहेत."

"इंग्रजीत माणूस स्वतःला लवकर फसवतो. मराठीत सांग."

मी फणकाऱ्यानं सांगायला लागले. पहिली टीप अशी, की जागेचा तुकडा परत करताना मालक, म्हणजे ते तुकडे वाटणारा कोड, जिवंत असतोच, कारण सगळे तुकडे परत आल्याशिवाय मालक बंद होत नाही. दुसरी टीप अशी, की मालक बंद होताना सगळे तुकडे परत आलेले असतातच, कारण तुकडे नेहमी मालकाच्या आधी जातात... एवढं बोलले आणि माझी मीच थांबले. घरून निघताना आईला वाटावं कुलूप बाबांनी लावलं, बाबांना वाटावं आईनं लावलं, आणि दार सताड उघडं. दोन्ही टिपा एकमेकींकडे बोट दाखवून मोकळ्या झाल्या होत्या. हमी कुणाचीच नव्हती.

सर हसले नाहीत, की बघ म्हणालेही नाहीत. पुठ्ठा खाली ठेवला आणि म्हणाले, "आता चुकीचं लिही." त्या दुपारी मी मालकाला आधी बंद करून तुकडा नंतर परत करणारा प्रोग्राम लिहिला, मग आवरण दुरुस्त केलं, आणि तोच प्रोग्राम लाल अक्षरांत अडला. माझा पहिला पेढा तो. अजून चव आठवते, कारण सकाळपासून राग सोडून काहीच खाल्लं नव्हतं.

सरांचा सगळ्यात आवडता किस्सा मात्र कंप्युटरचा नव्हता, अक्कांचा होता. खोल्यांच्या किल्ल्यांना अक्कांनी लाटण्याएवढे लाकडी दांडे बांधलेत, यात्रेकरूनं चुकून खिशात घालून नेऊ नये म्हणून. किल्ली दुकानातल्या खुंटीला आली, की खोली रिकामी झाली असं धरायचं. एकदा तीन नंबरची किल्ली एका जावईबापूंनी घाईघाईनं आणून खुंटीला लावली आणि ते रिक्षा बघायला गेले. अक्कांनी लगेच ती खोली परभणीकडच्या एका कुटुंबाला दिली. कुटुंब सामानसुमान घेऊन आत शिरलं, तर मोरीत जावईबापूंचे सासरे अंगाला साबण लावून उभे. आतून सासऱ्यांनी बोंब मारली, बाहेरून त्या बायकांनी. मधे अक्का हात जोडून दोन्हीकडच्यांची माफी मागताहेत, असा सगळा देखावा.

त्या दिवसापासून अक्कांनी नियमच केला. किल्ली आली म्हणजे खोली रिकामी झाली असं नाही. वर जायचं, दार वाजवायचं, "आत कुणी हाय का?" असं मोठ्यानं विचारायचं, मग आत जाऊन डोळ्यांनी बघायचं, आणि मगच किल्ली दुसऱ्याच्या हातात. सरांनी त्या सासऱ्यावरून अक्कांना जन्मभर पुरेल एवढं छळलं. पाहुण्यांसमोर, गिऱ्हाइकांसमोर, कुणाचंही लग्न ठरलं की, "अक्का, सासरा नीट बघून घेतला का?" अक्का चिडून नारळ उगारायच्या. आणि आमच्या कामातही तो शब्द शिरला. कुठं जागा वेळेआधी मोकळी झाल्याचा संशय आला, की सर फोनवर एवढंच म्हणत, "ओळ चाळीस बघ. सासरा दिसून राहिला." मी बघायची, आणि बहुतेक वेळा तो असायचा.

असं करत करत माझं आवरण तपासणीच्या सातव्या फेरीला आलं. तोवर गोष्ट गळ्याशी आली होती. कंपनीनं कळवलं होतं, की ह्या खेपेला तुझं काम कर्नलमध्ये गेलं तर करार पुढे चालू, नाहीतर पुण्याच्या ऑफिसात हजर हो किंवा थांब. पुणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण हिंगोलीत बसून कर्नल लिहिता येतं, हे मला दाखवून द्यायचं होतं. कुणाला, ते विचारू नका. बहुधा मलाच. परदेशातल्या त्या मोठ्या माणसानं, ज्याच्या हातात कोड कर्नलमध्ये घेणं असतं, सांगितलं होतं, की सोमवारपर्यंत सरांचा होकार आला तर घेतो. आणि सर म्हणाले होते, एकच हमी उरलीय, शेवटची. तिचं चुकीचं लिहून दाखव, अडलं की होकार देतो.

ती शेवटची हमी सीमधल्या एका जुन्या फंक्शनवर, म्हणजे एकच ठरलेलं काम करणाऱ्या काही ओळींवर, उभी होती. कार्डाचं काम संपेपर्यंत थांबायचं, हे त्याचं काम. वर टीप होती, 'हे परत आलं म्हणजे कार्डाचं काम संपलेलं असतं.' कितीतरी जणांचं कोड त्या ओळीच्या भरवशावर उभं होतं, माझंही. गुरुवारी सकाळी मी चुकीचा प्रोग्राम लिहायला बसले. कार्डाला भलंमोठं काम द्यायचं, थांबायला सांगायचं, आणि थांबलेलं असतानाच बाहेरून त्या प्रोग्रामला हाक मारायची, म्हणजे हातातलं सोडून इकडे बघ असा इशारा द्यायचा. हाक मारायचं सुचलं ते सरांच्या सवयीमुळेच. सर कुठंही थांबले असले आणि कुणी "चहा घेता का" म्हटलं, की कशासाठी थांबलो होतो ते विसरून ते चालू लागत. त्यापायी त्यांच्या कितीतरी बसेस चुकल्या होत्या.

कंपायलरनं तो प्रोग्राम निमूट घेतला. एक अक्षर लाल नाही. मी तो चाचणीच्या जुन्या लॅपटॉपवर चालवला. पडद्यावर नव्या चित्रात जुन्या चित्राच्या चिंध्या दिसायला लागल्या आणि मशीन आडवं झालं. परत चालवला, परत तेच. फंक्शन हाक आली की वाट बघणं सोडून अर्ध्यातूनच परत येत होतं. 'मी अर्ध्यातून उठलोय' असं सांगणारा एक आकडाही बरोबर आणत होतं. तो आकडा कुणी बघतच नव्हतं. टीप साफ खोटी होती.

कर्नलमध्ये प्रत्येक ओळ कुणी लिहिली त्याची नोंद असते. मी ती काढली. नाव सरांचं होतं, शहरातल्या नोकरीच्या दिवसांतलं.

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पाप आलं. इतकी वर्षं ही चूक कुणाला दिसली नव्हती. नेमक्या त्या क्षणी हाक यावी लागते, रोज रोज काही तसं होत नाही. हाक न मारणारा, साधासा एक चुकीचा प्रोग्राम मी लिहिलासुद्धा. तो छान लाल होऊन अडला. तो पाठवला असता तर पेढा, होकार, सोमवार, करार, सगळं जागच्या जागी. हे दुसरं सांगितलं तर माझं काम अडणार, वर ज्या माणसानं मला उभं केलं त्याला मी चारचौघांत खाली बघायला लावणार. आणि सर स्वतःची चूक ऐकून घेतील की नाही, हेही मला माहीत नव्हतं. मी त्यांना दुसऱ्यांच्याच चुका काढताना बघितलं होतं.

बाबा डेपोतून जेवायला आले. माझं तोंड बघून म्हणाले, "काहून अशी बसून राहिलीस? जेव की."

मी त्यांना नावं न घेता सांगितलं, की एक जुनं काम आहे, भल्या माणसानं केलेलं, त्यात ढिलं सापडलंय, पण आजवर काही झालेलं नाही.

बाबांनी भाकरी मोडली. "गुरूनं पिळलेला नट बी मी पान्यानं बघितल्याबिगर गाडी सोडत न्हाई," ते म्हणाले. "आन् माझ्या गुरूनंच शिकवलं मला ते. त्याला राग आला असता तर त्यानं शिकवलंच नसतं." पुढे ते भाजीत मीठ कमी आहे म्हणून आईशी बोलायला लागले.

शुक्रवारी सकाळच्या बसनं मी लॅपटॉप पोटाशी धरून औंढ्याला गेले. अक्कांनी दुकानातून हाक मारली, मी नुसती मान हलवली आणि वर चढले.

"सर, चुकीचं लिहिलंय," मी म्हणाले. "पण अडलं नाही."

"म्हंजे?"

"कंपायलरनं घेतलं. चाललं. आणि मशीन पडलं."

सर खुर्चीतून उठून माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसले. "चालव." मी चालवला. चिंध्या दिसल्या, मशीन आडवं झालं. "परत चालव." परत तेच. त्यांनी पुठ्ठा घेतला, त्या फंक्शनवर धरला आणि फटीतून ती टीप वाचली. तोंडातल्या तोंडात दोनदा वाचली.

"ही ओळ कुणाची हाय?"

मी नोंद उघडली आणि त्या ओळीपुढच्या नावावर बोट ठेवलं.

"बोलून दाखव."

"तुमची, सर."

सरांनी पुठ्ठा तसाच धरलेला, नजर त्या फटीवर. मला माझ्याच बोलण्याचा राग आला. वाटलं, गेलं. होकारही गेला, सरही गेले, आता पुण्याची पिशवी भरायची. मग ते उठले. गुडघे धरून, सावकाश. आणि त्यांनी टाळी वाजवली. एक नाही. वाजवतच राहिले, कीर्तन रंगात आल्यासारखी. खाली पायरीवर बसलेले यात्रेकरू माना वर करून बघायला लागले. सर धाडधाड जिना उतरले आणि परत आले ते पेढ्यांची अख्खी बरणी छातीशी धरून. मागून धापा टाकत अक्का.

"ह्याला काय झालं गं पोरी? गिऱ्हाईक उभं हाय आन् हा बरणीच उचलून निघाला!"

"अक्का," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तोंड हसत होतं. "किल्ली मीच खुंटीला लावून आलो व्हतो. वर लिहून बी ठेवलं, खोली रिकामी. आन् सासरा आतच."

अक्कांना कोडातलं अक्षर कळत नव्हतं, पण हे एका दमात कळलं. त्या दारातच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की मी पाणी आणायला धावले. "इतकी वर्सं!" त्या मधेमधे म्हणत होत्या. "इतकी वर्सं मला बोलून राहिला व्हतास! आन् तुझा बी सासरा आतच! माझा तर साबण धुऊन गेला बी घरी, तुझा अजून तसाच उभा हाय की रे!"

मी सरांना म्हणाले, "सर, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. मंग?" ते म्हणाले. "तुला हे शिकवायला मी कशापायी बसलो व्हतो? दुसऱ्याच्याच चुका सापडाव्या म्हणून?"

लगेच त्यांनी ईमेल लिहायला घेतलं. मला, तिकडच्या मोठ्या माणसाला, आणि जगभरातल्या जितक्या लोकांना ह्या कामाची ईमेल जातात त्या सगळ्यांना. ही टीप मी लिहिली, ती चुकीची आहे, चूक माझी. औंढ्याला येऊन ही चूक दाखवली ती अमुक, आणि पुढे माझं पूर्ण नाव. ती दुरुस्त झाल्याशिवाय तिचं काम आत घेऊ नये, आणि झाल्यावर एक दिवसही थांबवू नये. पाठवायच्या आधी त्यांनी ते मला मराठीत बोलून दाखवलं. नियम सगळ्यांना सारखा. माझ्या नावाशी आले तेव्हा त्यांचा आवाज जरा चढला होता, आणि मला कधी नव्हे ती सरांसमोर रडू आलं.

"काहून रडून राहिली? सोमवार लांब हाय. उठ."

अक्कांनी मला दोन नंबरची खोली दिली. देण्याआधी दार वाजवलं, "आत कुणी हाय का?" विचारलं आणि आत जाऊन बघून आल्या. सरांनी सीमधलं ते फंक्शन दुरुस्त केलं, मी आवरण. आता थांबणारं फंक्शन पूर्ण थांबलं की अर्ध्यातून उठलं, ते स्पष्ट सांगणार, आणि जागा हातात येणार ती पूर्ण थांबलं असेल तरच. अर्ध्यातून उठलं तर जागा आवरणाच्या आतच राहणार, दार बंद. न विचारता कुणी ती दुसऱ्याला द्यायला गेलं तर कंपायलरच नाही म्हणणार. शनिवारी दुपारी मी माझा तो मशीन पाडणारा प्रोग्राम जसाच्या तसा पुन्हा पुढे केला. पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला. इतकं सुंदर लाल मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि मी ओरडले ते खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. मग दार नीट वाजवून, पण मधेच हाक मारून बघणारा दुसरा प्रोग्राम चालवला. मशीन उभंच राहिलं. हाक मारून मारून मी थकले.

तो दुसरा प्रोग्राम चाचणी म्हणून कर्नलमध्ये कायमचा ठेवायचा होता, म्हणजे पुढे कुणी ही चूक परत केली तर लगेच कळावं. त्याला नाव द्यायचं होतं. सर म्हणाले, "सासरा." मला वाटलं चेष्टा करताहेत. करत नव्हते. इंग्रजी अक्षरांत तेच नाव घालून रविवारी सकाळी सगळं पाठवून दिलं.

सोमवारी दुपारी उत्तर आलं. मी अजून औंढ्यालाच होते, दुकानात अक्कांना नारळ लावू लागत होते. वरून सर काहीच बोलेनात, म्हणून मीच फोन उघडला. सगळ्यात वर सरांचा होकार होता. तपासलं, आणि खाली त्यांचं नाव. इतक्या फेऱ्यांमध्ये माझ्या कामाखाली ते नाव पहिल्यांदा उमटलं होतं. त्याखाली तिकडच्या मोठ्या माणसाचं, की घेतलं, सगळं घेतलं. आणि अशी कबुली आपण इतक्या वर्षांत वाचली नव्हती, असंही. शेवटी एक शंका. चाचणीचं हे नाव कोणत्या भाषेतलं आहे, आणि त्याचा अर्थ काय?

खाली सरांचं उत्तर आलेलंच होतं. मराठी. जो पाहुणा अजून आतच आहे, तो.

मी ते अक्कांना सांगितलं. त्यांनी कंबरेवर हात ठेवले आणि वर बघून ओरडल्या, "आन् नियम कुणाचा, ते न्हाई लिवलं काय रे?"

"लिवलंय!" गच्चीवरून आवाज आला.

लिहिलं होतं. त्या चाचणीच्या अगदी वरच्या ओळीत, मला न सांगता त्यांनी घातलेलं. अक्कांचा नियम: किल्ली आली म्हणजे खोली रिकामी झाली असं नाही. दार वाजवा, विचारा, आत जाऊन बघा. ती ओळ अजून तिथं आहे. मीही अजून हिंगोलीतच आहे, आणि आता दुसऱ्यांच्या टिपा तपासताना माझ्याही हातात एक पुठ्ठा असतो.

अक्कांनी ती ओळ माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतली. मग बरणी उघडली, दोन पेढे काढले आणि माझ्या हातावर ठेवले. जमलं म्हणून मिळालेला माझा पहिला पेढा अक्कांचा. मी पहिला तोंडात टाकला, तेवढ्यात कठड्यावरून सरांचं डोकं बाहेर आलं.

"जमलं म्हणून खाऊन राहिली व्हय?" ते ओरडले. "वर ये! पुढचं चुकीचं लिहायचं हाय!"

मी आधी दुसरा पेढा खाल्ला, मग वर गेले.